विदुर, नेड स्टार्क आणि आमच्या आजीची थिअरी

आधीच सांगते, ज्यांनी गेम ऑफ थ्रोन्सची पुस्तकं वाचली नाहीत, सिरीयलही बघितली नाही आणि कधीतरी बघायचा विचार आहे त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.

गेल्या रविवारी मामेभावाशी परत तोच वाद झाला म्हणून हे लिहायला बसले. त्याचं म्हणणं, आता थिअऱ्यांना, म्हणजे लेखकाने उघड न सांगितलेलं वाचकांनी पुराव्यांवरून ओळखायचं त्याला, काय अर्थ आहे, सिरीयल 2019 च्या मे महिन्यात संपली, कोण राजा होतो ते कळलं, आणि पुस्तकांचं म्हणशील तर पाचवं आलं 2011 ला, सहाव्याची अजून वाटच बघतोय सगळे, मग रिकामी बसलेली माणसं थिअऱ्या बनवणार नाहीतर काय करणार. आणि मला ते पटत नाही, अजिबात पटत नाही, पण त्याला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही कारण जेवायला बसलो होतो आणि मामी वाढत होती. तर हे ते उत्तर.

सुरुवात आमच्या आजीपासून करावी लागेल.

मी लहान असताना गोव्यात फोंड्याला पावसात लाईट गेली की परत कधी येईल त्याचा भरवसा नसायचा, मग आम्ही सगळी पोरं वसरीवर आजीच्या आजूबाजूला. आजी महाभारत सांगायची, पण सांगायची म्हणजे नुसतं हे झालं मग ते झालं असं नाही, मध्येच थांबून आम्हालाच प्रश्न विचारायची. एकदा तिने विचारलं, की कुंतीने मंत्र म्हटला आणि यमधर्म आला आणि युधिष्ठिर झाला, बरं, पण विदुर कोण? तर तोच यमधर्म, मांडव्य ऋषीच्या शापामुळे दासीच्या पोटी जन्माला आलेला. म्हणजे धर्म तर तेव्हा घरातच होता ना, तिथेच हस्तिनापुरात, मग कुंतीने हाक मारल्यावर आला तो कुठून आला? आम्ही गप्प. आणि मग आजी अगदी हळू आवाजात, जसं काही कोणी ऐकेल बाहेर, "विदुराचोच पूत तो."

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन, पण अंगावर काटा आलेला आठवतो.

मग तिने एकेक पुरावा सांगितला. नवऱ्याला मूल होत नसेल तर नियोगासाठी दीर हा तेव्हाच्या रीतीने योग्य माणूस. पांडव लाक्षागृहात चालले तेव्हा युधिष्ठिराला गूढ भाषेत सावध करणारा विदुर. वनवासाला गेले तेव्हा कुंती तेरा वर्षं राहिली कोणाच्या घरी तर विदुराच्या. आणि शेवटी, युद्ध होऊन वर्षं लोटल्यावर युधिष्ठिर रानात त्याला भेटायला जातो, विदुर हाडांचा सापळा झालेला, झाडाला टेकून उभा, डोळे युधिष्ठिराच्या डोळ्यांवर लावतो आणि योगाने त्याच्यात शिरतो, सगळं बळ, सगळं तेज त्याला देऊन टाकतो. बाप मरताना मुलाला जे देतो ते. आणि त्यानंतर व्यास स्वतः येऊन धृतराष्ट्राला सांगतात की धर्म तोच विदुर आणि विदुर तोच पांडव.

कितीतरी वर्षांनी कॉलेजात असताना पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत इरावती कर्व्यांचं युगान्त हातात आलं, 1967 सालचं पुस्तक, आणि त्यात हीच शंका, हेच धागे. मी तिथेच उभी राहून वाचलं. आजीने युगान्त वाचलेलं नाही. कुठल्यातरी कीर्तनात तिने ऐकलं असेल किंवा तिला स्वतःलाच सुचलं असेल, तिला विचारलं तर म्हणते, दिसतं ते दिसतं.

दिसतं ते दिसतं. चांगली थिअरी म्हणजे माझ्या मते हेच. बाहेरून काही आणायचं नाही, लिहिलेलं आहे तेच परत बघायचं, आणि जिथे गोष्ट नीट बसत नाही तिथे बोट ठेवायचं.

आता नेड स्टार्क, गेम ऑफ थ्रोन्समधला उत्तरेचा सरदार. ज्यांना माहीत आहे त्यांना आर प्लस एल इक्वल्स जे हे समीकरण पाठ असेल, रेगार अधिक लियाना बरोबर जॉन स्नो, म्हणजे ज्याला सगळे नेडचा अनौरस मुलगा समजतात तो जॉन खरा नेडची बहीण लियाना आणि ड्रॅगनचं निशाण असलेल्या टार्गेरियन राजघराण्याचा युवराज रेगार ह्यांचा. पहिलं पुस्तक 1996 चं आणि त्यानंतर थोड्याच काळात इंटरनेटवर लोकांनी हे मांडलं, सिरीयलमध्ये दाखवलं 2016 च्या जूनमध्ये, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं ही थिअरी नुसती वाचकांच्या जोरावर उभी होती. आणि कशाच्या जोरावर, तर एका तापातल्या स्वप्नाच्या. नेड पाय मोडून पडलाय, तापात त्याला जुनं दिसतं, तो आणि त्याचे सहा जण एका मनोऱ्याकडे येतात आणि मनोऱ्यासमोर राजाचे तीन अंगरक्षक उभे, आर्थर डेन, ऑस्वेल व्हेंट आणि खुद्द त्यांचा सेनापती जेरल्ड हायटावर. राजाची बाजू लढाई हरलेली आहे, राजा मेला, युवराज रेगार मेला, वारस म्हणून उरलेला रेगारचा लहान भाऊ व्हिसेरिस लांब ड्रॅगनस्टोन बेटावर आहे. मग राज्यातले सगळ्यात चांगले तीन योद्धे ज्यांनी राजाचं रक्षण करायची शपथ घेतलीय ते इथे डोंगरांच्या कडेला एका मनोऱ्याच्या दारात काय करताहेत? नेड त्यांना तेच विचारतो, आणि ते म्हणतात आम्ही शपथ घेतलीय, आम्ही पळत नाही. म्हणजे राजा इथेच आहे. आतमध्ये. तान्हा.

हे कुठेच लिहिलेलं नाही बरं का, पाच पुस्तकांत कुठेही नाही. फक्त रक्ताने माखलेलं अंथरूण, लियानाचा आवाज, "वचन दे नेड", आणि निळी गुलाबं.

मी हा चॅप्टर पहिल्यांदा वाचला तो फोंडा-पणजी बसमध्ये, अकरावीत असताना, आणि ते वाक्य येईपर्यंत बस म्हार्दोळ सोडून मंगेशीच्या उतारावर आली होती. आमच्या बाजूच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते, मंगेशीचा देव मूळचा तिथला नव्हे, तो कुठ्ठाळीचा, आणि म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. 16 व्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा लोकांनी आपले देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रूज महालात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, आणले, तेव्हा तो त्यांच्या राज्याबाहेर होता. कोणी आणले, कोणत्या होडीतून, वाटेत कोणी विचारलं तर काय सांगितलं, ह्याचा मी लहानपणापासून विचार करते. कोणीतरी एक माणूस असेलच ना, ज्याने आयुष्यभर कोणाला काही सांगितलं नसेल. त्या दिवशी बसच्या खिडकीतून देवळाच्या वाटेची कमान दिसली आणि मला एकदम नेड कळला. त्याच्या हातात एक तान्हं पोर आहे, बहिणीने मरताना दिलेलं, आणि ज्या मित्राला त्याने स्वतः राजा केलं तो रॉबर्ट रेगारच्या मुलांची लाल कापडात गुंडाळलेली प्रेतं बघून म्हणाला होता की मला इथे मुलं दिसत नाहीत, ड्रॅगनची पिल्लं दिसतात. तर ह्या पोराला जगवायचा एकच मार्ग, हा माझा मुलगा आहे म्हणायचं, बायकोला सोडून लढाईत गेलो आणि तिथे मला हा झाला असं म्हणायचं. आख्ख्या राज्यात ज्याच्या शब्दाला सोन्याचा भाव त्या माणसाने आपलंच नाव घाण करून घ्यायचं आणि चौदा वर्षं तसंच ठेवायचं.

नेडची बायको कॅटलिन त्याला एकदाच विचारते, जॉनची आई कोण, तर नेड तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा असा भडकतो की ती घाबरते, आणि तो म्हणतो, तो माझ्या रक्ताचा आहे, एवढं तुला पुरे. माझ्या रक्ताचा. मुलगा हा शब्द नाही तिथे! थिअरी माहीत नसताना वाचलं तर डोळ्याखालून निघून जातं, माहीत असताना वाचलं की कळतं, हा माणूस रागातसुद्धा खोटं बोलायला तयार नाही. आणि मग अंधारकोठडीत बसलेला नेड, जॉनच्या आठवणीने त्याला लाज वाटते आणि शब्दांत न मावणारं दुःख होतं, एकदा तो पोरगा समोर बसला असता तर बोललो असतो असं वाटतं. आधी मला वाटायचं ही अनौरस मुलाबद्दलची लाज. आता तो पॅराग्राफ मला वाचवत नाही.

मामेभाऊ म्हणतो की जॉन टार्गेरियन निघाला आणि शेवटी त्याचा उपयोग काय झाला, राज्य मिळालं का. अरे पण ही थिअरी जॉनच्या राज्याबद्दल कधी नव्हतीच, निदान माझ्यासाठी नव्हती. ती नेडबद्दल होती. बाप कोण ह्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर ज्याने वाढवलं तो माणूस आधीपेक्षा मोठा दिसतो की लहान, एवढंच मी बघते. युधिष्ठिर विदुराचा म्हटला की विदुर केवढा होतो बघा, आयुष्यभर काका म्हणून दरबाराच्या कडेला उभा.

म्हणूनच ती दुसरी थिअरी, टिरियन हा बुटका सरदारपुत्र टायविन लॅनिस्टरचा मुलगा नसून रेगारचा बाप, वेडा राजा एरिस, त्याचा मुलगा, ती मला सहन होत नाही. पुरावे आहेत तिला, नाही म्हणत नाही. टिरियनचे केस पांढुरके, एक डोळा हिरवा एक काळा, लहानपणी ड्रॅगनची स्वप्नं, एरिसची त्याच्या आईवर वाईट नजर होती, आणि मरताना टायविन म्हणतो की तू माझा मुलगा नाहीस. पण जरा विचार करा, हे शब्दशः खरं ठरलं तर त्या वाक्याची काय किंमत राहिली? बापाने मुलाला नाकारलं आणि मुलगा बाण मारून म्हणतो की तिथेच चुकताय बाबा, मी तर तुमचंच छोटं रूप आहे. हा सगळा सीन जिवंत आहे तो टिरियन त्याचाच आहे म्हणून. आणि जेना आत्या टिरियनच्या मोठ्या भावाला, जेमीला, स्पष्ट सांगते, टायविनचा खरा मुलगा टिरियन, तू नाहीस. एवढ्या थंड, हुशार, निर्दय माणसाला स्वतःचा आरसा बघवत नव्हता, ही गोष्ट काढून घ्यायची आणि त्या जागी काय ठेवायचं, अजून एक ड्रॅगनवर बसणारा? नको मला. पुरावा बरोबर असला तरी माणूस लहान होत असेल तर ती थिअरी मी नाही मानत, आणि ह्यावर माझं कोणी मन वळवू शकत नाही.

नेडच्या मुलाच्या, ब्रॅनच्या, टाइम ट्रॅव्हलच्या थिअऱ्यांमध्ये मी पडत नाही, त्यात कोणीही काहीही सिद्ध करू शकतं.

पण एक छोटी थिअरी आहे जी बाप-बिप काही नसून मला फार प्रिय आहे, थडगी खोदणाऱ्याची. ब्रिएन ही योद्धा बाई एका बेटावर जाते, तिथे मौन पाळणारे साधू राहतात, त्यांचा प्रमुख तिला सांगतो की हाऊंड, म्हणजे सँडर क्लिगेन नावाचा क्रूर योद्धा, मेला, मीच त्याला दगडांखाली पुरला. आणि त्याच बेटावर एक धिप्पाड, लंगडा, तोंड झाकलेला साधू थडगं खोदताना दिसतो, एका ओळीत, आणि कॅमेरा पुढे गेल्यासारखी गोष्ट पुढे जाते. मी ही गोष्ट आजीला सांगितली, म्हणजे नावं बदलून, एक फार वाईट योद्धा होता, भाऊ त्याच्याहून वाईट, त्याने लहानपणी ह्याचा चेहरा निखाऱ्यांत धरला, असं सगळं. मेला म्हणून सांगतात म्हटल्यावर आजीने सुपारी कातरता कातरता विचारलं, आणि त्याचा घोडा?

मी उडालेच. कारण पुरावा घोड्यातच आहे! हाऊंडचा काळा घोडा स्ट्रेंजर, मृत्यूच्या देवाचं नाव असलेला, चावणारा, लाथा मारणारा, धन्याशिवाय कोणाला जवळ येऊ न देणारा, तो त्याच बेटावर तबेल्यात आहे, नाव बदलून ड्रिफ्टवुड ठेवलंय. म्हणजे साधू खोटं बोललाच नाही, हाऊंड मेला, सँडर क्लिगेन आहे. सिरीयलवाल्यांनी 2016 मध्ये त्याला जिवंत दाखवलाच, पण मला पुस्तकातलं ते फावडं आणि तो घोडा जास्त आवडतात.

अजून एक, ही आपल्या गोंयकारांना लगेच कळेल अशी. भविष्यवाणीतला तारणहार, 'वचनातला राजपुत्र', कोण ह्यावर हजारो पानं लिहून झालीत, पण म्हातारा मेस्टर, म्हणजे विद्वान, एमन, वय 102, मरायला टेकल्यावर म्हणतो की आपण हजार वर्षं चुकलो, भाषांतरात चुकलो, ड्रॅगन ना नर ना मादी, आपण मात्र राजपुत्र राजपुत्र करत बसलो आणि रेगारच्या बहिणीकडे, डॅनीकडे, बघितलंच नाही. मी हे वाचलं आणि हसले, आनंदाने, कारण आमच्या घरात कोंकणीत मुलीला 'तें' म्हणतात, चेडूं, नपुंसकलिंगी. माझी मावशी मुंबईला लग्न करून गेली तेव्हा तिच्या सासूला वाटायचं की ही पोरीचा अपमान करते. एका भाषेतलं लिंग दुसऱ्या भाषेत नेताना काय होतं हे गोव्यातल्या मराठी वाचकाला शिकवायला लागत नाही, आम्ही रोज सकाळी चहाच्या आधी दोनदा करतो हे भाषांतर.

आता जिच्यासाठी मी सहाव्या पुस्तकाची वाट बघते ती थिअरी. पाचव्या पुस्तकात एक निळ्या केसांचा पोरगा येतो, यंग ग्रिफ, आणि कळतं की हा म्हणे रेगारचा मुलगा एगॉन, ज्याचं डोकं भिंतीवर आपटून मारलं म्हणतात तो खरा नव्हताच, दरबारातल्या हेरांचा प्रमुख व्हॅरिस ह्याने आधीच बदलला होता. लोकांचं म्हणणं हा खोटा आहे, खऱ्या घराण्याचा नसून ब्लॅकफायरचा, म्हणजे टार्गेरियनांचीच अनौरस शाखा, लाल ड्रॅगनच्या जागी काळा ड्रॅगन निशाण असलेली. ह्याचे पुरावे इतके सुंदर पेरलेत की मी वहीत उतरवून ठेवलेत. गोल्डन कंपनी ही भाडोत्री फौज, जिने कधी करार मोडला नाही, ती ह्या पोरासाठी मोडते, आणि व्हॅरिसचा साथीदार इलिरियो म्हणतो की काही करार शाईने लिहितात काही रक्ताने, आणि काळा काय लाल काय, ड्रॅगन तो ड्रॅगनच. डॅनीला दिसलेला कापडाचा ड्रॅगन, काठ्यांवर नाचणारा, भोवती जयजयकार करणारी गर्दी. मला तिथे सरळ आपला दिवाळीच्या आदल्या रात्रीचा नरकासुर दिसतो, बांबू, कागद, ढोल, केवढा तो आवाज, आणि आत पोकळ. पण सगळ्यात भारी पुरावा एका पाटीचा. एका खानावळीवर काळ्या लोखंडी ड्रॅगनची पाटी होती, कोणीतरी लॉर्डने ती तोडून नदीत टाकली, आणि कितीतरी वर्षांनी तिचं एक डोकं वाहत येऊन किनाऱ्याला लागलं, गंजून लाल झालेलं. काळा ड्रॅगन, पाण्यापलीकडून, लाल होऊन परत. हे सांगतो कोण तर वाटेत भेटलेला एक साधा भटका पुजारी, तेही दुसऱ्याच पुस्तकात, बोलता बोलता.

आणि आता जॉन कॉनिंग्टन. ह्या माणसाचं रेगारवर प्रेम होतं, कसलं प्रेम ते लेखक उघड बोलत नाही आणि बोलायची गरजही नाही. घंटांच्या लढाईत हा हरला, रॉबर्ट एका गावात लपला होता, ह्याने घर न घर शोधलं पण गाव पेटवलं नाही, आणि त्यामुळे रॉबर्ट वाचला, ह्याला देशाबाहेर काढलं, रेगार मेला. तेव्हापासून ह्याच्या डोक्यात त्या घंटा वाजतात. मग त्याच्या हाती हे पोर, म्हणजे यंग ग्रिफ, देतात, रेगारचं आहे म्हणून. स्वतः मेल्याचं, दारुडा चोर म्हणून मेल्याचं नाटक होऊ देतो, केस निळे रंगवतो, पोराला आपलाच मुलगा म्हणून वाढवतो. म्हणजे नेडने जे केलं तेच की हो! स्वतःचं नाव मातीत घालून दुसऱ्याचं पोर आपलं म्हणून सांभाळायचं. आता त्याच्या हाताला ग्रेस्केल झालंय, बोटं दगड होत चाललीत, ते हातमोज्यात लपवून तो पोराला सिंहासनापर्यंत न्यायला बघतोय, बापाच्या वेळी कमी पडलो, मुलाच्या वेळी पडणार नाही म्हणून.

आणि थिअरी बरोबर असेल तर तो मुलगा रेगारचा नाहीच.

मला ह्याचाच विचार छळतो. राज्य कोणाला मिळतं ते राहूदे, सिरीयलमध्ये तर हा माणूस घेतलाच नाही. ह्याला कोणी सांगेल का? सांगितलं तर कधी, हात पूर्ण दगड झाल्यावर? मामेभावाला मी रविवारी हेच विचारत होते, तो म्हणाला खोटा निघाला तर सगळं फुकट, बिचाऱ्याचं आयुष्य वाया.

आजी पलीकडे खुर्चीवर होती, 82 वर्षांची आहे आता, कान कमी झालेत, मला वाटलं ऐकत नाहीये. मामीने विचारलं, भात घालू का. आणि आजी म्हणाली, सांगून कितें करतलो तो? भुरगें तर ताणेंच वाडयलां न्हय?